बुबुळ बदलण्याच्या ऑपरेशनचं कोडिंग: नवीन कोडरसाठी, सोलापुरातून

मागच्या रविवारी सात रस्त्याला चहाच्या गाड्यावर एक नवीन पोरगा भेटला, बीफार्म झालेला, पुण्याच्या एका कंपनीत मेडिकल कोडर म्हणून (डॉक्टरची नोट वाचून इन्शुरन्सच्या बिलासाठी आजाराचे आणि ऑपरेशनचे कोड टाकायचं काम) नुकताच लागलेला आणि जुळे सोलापुरात घरूनच काम करणारा. चहा हातात यायच्या आधीच त्याचा प्रश्न, "दादा, कॉर्नियल ट्रान्सप्लांटला पुस्तकात पाच-पाच कोड दिसायलेत, आणि नोटच्या वर नुसतं केराटोप्लास्टी एवढंच लिहिलंय, कुठला टाकू?" मी म्हणलं, वरचं शीर्षक वाचूच नको, खाली सर्जननं काय केलंय ते वाच. तो म्हणला ते खालचंच तर कळत नाही. मग गाड्यावरच्या रद्दी पेपरवर डोळा काढून अर्धा तास बोलत बसलो, आणि घरी आल्यावर वाटलं की हे एकदा नीट लिहून ठेवावं, कारण दर सहा महिन्यांनी कोणीतरी हेच विचारतंय.

आधी एक गोष्ट. इथले कोड मी देवनागरीत लिहितोय, सॉफ्टवेअरमध्ये ते इंग्रजी अक्षरं-आकड्यांतच टाकायचे असतात. आणि मी सांगतोय ते अमेरिकेच्या क्लेमबद्दल, म्हणजे प्रोसिजरला सीपीटी आणि आजाराला आयसीडी-१०-सीएम. आपल्या सिव्हिलमध्ये सीपीटी चालत नाही, तिथलं शेवटी थोडं सांगतो.

पायरी १: बुबुळ म्हणजे वाकळ समजा

आपण बोलताना काळ्या भागाला सरसकट बुबुळ म्हणतो, पण कॉर्निया म्हणजे त्याच्यावरची पारदर्शक काच. जाडी मध्यावर अर्धा मिलिमीटरच्या आसपास, ५४० मायक्रॉन वगैरे. रक्तवाहिनी एकही नाही. त्यात वरून खाली थर असे: एपिथेलियम, बोमन्स लेयर, स्ट्रोमा, डेसिमेट मेंब्रेन आणि सगळ्यात आत एंडोथेलियम. जाडीचा नव्वद टक्के भाग एकटा स्ट्रोमाच.

आता आजीची वाकळ डोळ्यासमोर आणा. वरचं लुगडं, मध्ये चिंध्यांचा भरणा, खाली अस्तर. वाकळ खराब झाली तर तीन प्रकारे दुरुस्त करता येते. वरचं कापड आणि भरणा बदलला, अस्तर जुनंच ठेवलं. किंवा वरचं चांगलंय, फक्त अस्तर उसवून नवीन लावलं. किंवा मधूनच आरपार गोल तुकडा कापला आणि तेवढंच थिगळ शिवलं. झालं, केराटोप्लास्टीचे तीन मुख्य प्रकार हेच.

वरचं बदललं, अस्तर तसंच: अँटेरियर लॅमेलर, कोड ६५७१०. नोटमध्ये डाल्क असं लिहिलेलं असतं ते हेच.

फक्त अस्तर बदललं: एंडोथेलियल, कोड ६५७५६. नोटमध्ये डीसेक, डीमेक अशी नावं येतात. दोन्हींत फरक असा की डीसेकमध्ये दात्याच्या एंडोथेलियमबरोबर स्ट्रोमाची पातळ चकती येते आणि डीमेकमध्ये नुसता डेसिमेट-एंडोथेलियमचा पापुद्रा. कोडला हा फरक लागत नाही, दोन्हींना ६५७५६. मी नवीन असताना डीमेकसाठी वेगळा कोड शोधण्यात एक अख्खी दुपार घालवलीय, तुम्ही घालवू नका.

आरपार थिगळ: पेनेट्रेटिंग, म्हणजे पीके. आणि इथं एक कोड नाही, तीन आहेत, त्यावर पुढं बोलू कारण सगळी माती तिथंच होते.

एंडोथेलियमचं एवढं कौतुक का, तर ते बुबुळातलं पाणी उपसणारा पंप आहे आणि त्या पेशी गेल्या की आपल्या माणसात पुन्हा तयार होत नाहीत. पंप बंद पडला की बुबुळ पाणी धरतं, सुजतं, पांढरट होतं. २००९ च्या आधी अस्तर बदलण्याला स्वतःचा सीपीटी कोड नव्हता, त्या वर्षी ६५७५६ आला आणि जुन्या ६५७१० च्या वर्णनात लॅमेलरच्या आधी अँटेरियर हा शब्द बसला. जुने पीडीएफ नोट्स गावभर फिरतात त्यात कधीकधी नुसतं लॅमेलर दिसतं, ते बघून गोंधळू नका.

पायरी २: नोटच्या पोटातले शब्द पकडा

ऑपरेशन नोटला वरती प्रोसिजर परफॉर्म्ड असं शीर्षक असतं. ते बहुतेक वेळा टेम्प्लेटमधून आलेलं असतंय, सर्जननं ऑपरेशनच्या आधीच भरलेलं. खरं काय झालं ते खालच्या परिच्छेदात. त्यात हे शब्द शोधा.

ट्रेफाइनने (गोल कापायचं हत्यार) पूर्ण जाडीचं बटण, म्हणजे गोल तुकडा, कापला, दात्याचं बटण बसवलं, १०-० नायलॉनचे सोळा टाके घातले, असं दिसलं की आरपार काम, पीके.

स्ट्रोमात हवा सोडून बिग बबल केला, डेसिमेट शाबूत ठेवला, मग दात्याचं बटण टाक्यांनी शिवलं, तर डाल्क. टाके इथंही असतात त्यामुळं नुसते टाके बघून पीके ठरवू नका. आणि डाल्क करता करता डेसिमेट फाटला म्हणून सर्जननं तिथल्या तिथं पूर्ण जाडीचं केलं, असं लिहिलेलं असलं तर फक्त पीकेचा कोड. शीर्षकात डाल्क राहिलेलं असतंय, तेच टाकून मोकळं होणारे खूप बघितलेत. दोन्ही कोड तर अजिबात नाहीत, कारण शेवटी जे पूर्ण झालं तेच मोजायचं.

छोटी चीर, डेसिमेट खरवडून काढला, दात्याची चकती आत सरकवली, हवेचा किंवा वायूचा फुगा भरून ती वर चिकटवली, पेशंटला उताणं झोपवलं, असं असलं तर ६५७५६. फुगा आणि उताणं झोपणं हे दोन शब्द दिसले की माझा हात आपोआप तिकडं जातो. पण थांबा, दात्याचा टिशू आत गेला का ते बघा. काही सर्जन नुसता खराब डेसिमेट काढून ठेवतात आणि पेशंटच्याच कडेच्या पेशी सरकून येतील म्हणून वाट बघतात. तिथं ट्रान्सप्लांट झालेलंच नाही, ६५७५६ लावायचा नाही, असा चार्ट, म्हणजे पेशंटची फाइल, आला की सिनियरला पाठवा.

एंडोथेलियलबरोबर एक ॲड-ऑन कोड आहे, ६५७५७, दात्याचा टिशू टेबलावर तयार करण्याचा. एकटा कधीच जात नाही, ६५७५६ च्या पाठीवर बसूनच जातो. आता बरेचदा आय बँकेकडूनच कापून तयार टिशू येतो. म्हणून नोटमध्ये सर्जननं स्वतः टिशूवर काय काम केलं ते स्पष्ट लिहिलंय का बघा, नसेल तर लावू नका, आणि असेल तरी त्या इन्शुरन्सचा नियम काय ते क्लायंटच्या गाइडलाइनमध्ये बघूनच लावा.

पायरी ३: लेन्स कुठली आहे (इथं माझी माती झालेली)

पीकेचे तीन कोड लेन्सवरून ठरतात. बुबुळाच्या मागं डोळ्याची नैसर्गिक लेन्स असते. ती आहे तशी असली तर डोळा फेकिक. मोतीबिंदूत काढून टाकली आणि काहीच बसवलं नाही तर अफेकिक. काढून कृत्रिम लेन्स बसवली, जी आपण सगळे आयओएल म्हणतो, तर स्यूडोफेकिक.

६५७३० म्हणजे पीके, पण अफेकिया आणि स्यूडोफेकिया सोडून. म्हणजे नैसर्गिक लेन्स असलेला डोळा. ६५७५० म्हणजे पीके अफेकिक डोळ्यात. ६५७५५ म्हणजे पीके स्यूडोफेकिक डोळ्यात.

२०१८ ची गोष्ट. मी ज्या कंपनीत होतो तिथं मला नेत्ररोगाच्या क्लायंटवर टाकलं, ट्रेनिंग दोन दिवसांचं, आणि मला वाटलं पीके म्हणजे ६५७३०, सोपंय. सात चार्ट तसेच सोडले. महिनाअखेरीला ऑडिटमध्ये पाच चुकले. पाचही पेशंटचा मोतीबिंदू आधी झालेला, पण ते शीर्षकात नव्हतं, प्री-ऑप डायग्नोसिसमध्येही नव्हतं, हिस्टरीच्या तिसऱ्या ओळीत कुठंतरी पीसीआयओएल एवढाच शब्द. पीसीआयओएल म्हणजे मागच्या कप्प्यात बसवलेली कृत्रिम लेन्स, म्हणजे डोळा स्यूडोफेकिक, म्हणजे ६५७५५. माझा त्या महिन्याचा क्वालिटी स्कोअर असा पडला की टीम लीडनं व्हिडिओ कॉलवर कॅमेरा चालू करायला लावला. तेव्हापासून पीकेची नोट उघडली की मी पहिल्यांदा लेन्स शोधतो आणि मगच बाकीचं वाचतो.

लेन्सचा हा प्रश्न फक्त पीकेला आहे बरं का. ६५७१० आणि ६५७५६ ला लेन्स कुठलीही असो, कोड बदलत नाही.

मग एकाच वेळी बुबुळ पण बदललं आणि मोतीबिंदू काढून लेन्स पण बसवली तर? याला सर्जन लोक ट्रिपल म्हणतात. नवीन पोरं इथं म्हणतात लेन्स बसवली ना, मग स्यूडोफेकिक, ६५७५५. नाही. टेबलावर आला तेव्हा डोळ्यात स्वतःची लेन्स होती, म्हणून ६५७३० आणि सोबत मोतीबिंदूचा ६६९८४. अफेकिक डोळ्यात पीके करून त्याच बैठकीत नवीन लेन्स बसवली तर ६५७५० आणि ६६९८५. जुनी लेन्स काढून दुसरी घातली तर ६५७५५ आणि ६६९८६. प्रत्येक जोडी टाकायच्या आधी एनसीसीआयच्या एडिटमध्ये (कुठले कोड एकत्र चालत नाहीत त्याची अमेरिकेतली यादी) बघायचं की ही दोन कामं एकत्र चालतात का. ते एडिट दर तिमाहीला बदलतात त्यामुळं मागच्या वर्षी चाललं होतं या भरवशावर राहू नका. दोन प्रोसिजर असल्या की ज्याचं मूल्य जास्त ती वर, कारण साधारण नियमाने पहिलीचे शंभर टक्के आणि दुसरीचे पन्नास टक्के मिळतात.

पायरी ४: डोळा कुठला

ओडी उजवा, ओएस डावा, ओयू दोन्ही. लॅटिन आहे, पाठ करा, दुसरा इलाज नाही. सीपीटीला आरटी (उजवा) किंवा एलटी (डावा) मॉडिफायर, म्हणजे कोडला जोडायची दोन अक्षरं, लागतो. नोटमध्ये वर ओएस आणि खाली वर्णनात उजवा डोळा असं आलं तर स्वतः ठरवू नका, क्वेरी पाठवा, म्हणजे डॉक्टरलाच लेखी विचारा. भोळेपणाने जास्त वेळा जे लिहिलंय ते धरलं असं करणारा एक मित्र होता आमच्यात, आता तो बँकेत आहे.

पायरी ५: आजाराचा कोड

हे माझ्या मते सीपीटीपेक्षा अवघड, कारण इथं एक अक्षर चुकलं तरी क्लेम परत येतो. डोळ्याच्या आयसीडी कोडमध्ये बहुतेक ठिकाणी शेवटचा आकडा १ म्हणजे उजवा, २ डावा, ३ दोन्ही.

केराटोकोनस, म्हणजे बुबुळ शंकूसारखं पुढं येणं, तरुण पोरांत जास्त दिसतं: एच१८.६ च्या घरात, स्थिर असेल तर एच१८.६१, वाढत असेल तर एच१८.६२ आणि पुढं डोळ्याचा आकडा. डॉक्टरनं स्थिर का वाढता ते लिहिलं नसेल तर एच१८.६०, आपण अंदाज करायचा नाही.

फुक्स डिस्ट्रॉफी, म्हणजे तो पंप हळूहळू बंद पडण्याचा आनुवंशिक प्रकार: एच१८.५११ उजवा, एच१८.५१२ डावा, एच१८.५१३ दोन्ही. आधी हा कोड एच१८.५१ एवढाच होता, ऑक्टोबर २०२० पासून डोळ्याचा आकडा लागतोय.

बुबुळावरचा डाग: आपल्याकडं गावात म्हणतात डोळ्यात फूल पडलं. मंगळवेढ्याकडं ज्वारीचं कणीस नाहीतर माळशिरसकडं उसाचं पातं डोळ्याला लागतं, बुरशीचा अल्सर होतो, बरा झाला तरी पांढरा डाग राहतो. ते मधोमध असेल तर एच१७.१, उजव्याला एच१७.११, डाव्याला एच१७.१२. अमेरिकेच्या चार्टमध्ये ऊस नसतो, कॉन्टॅक्ट लेन्स असते, डाग मात्र तोच.

बुलस केराटोपॅथी, म्हणजे बुबुळाला पाणी धरून फोड येणं: एच१८.१ च्या घरात. पण डॉक्टरनं हे मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर झालंय असं लिहिलं असेल तर एच५९.०१ कडं जायचं, उजव्याला एच५९.०११. आयसीडीच्या पुस्तकातला इंडेक्स न बघता थेट एच१८.१ ला जाणारे इथं अडकतात.

आधी बसवलेलं बुबुळ खराब झालं म्हणून दुसऱ्यांदा ट्रान्सप्लांट: रिजेक्शन असेल तर टी८६.८४०, फेल झालं असेल तर टी८६.८४१, आणि पुढं डोळ्याचा आकडा. दोन शब्द वेगळे आहेत, डॉक्टरनं फेल्ड ग्राफ्ट लिहिलं तर तेच धरा, रिजेक्शन धरू नका. ट्रान्सप्लांट झालंय आणि चांगलं चाललंय, पेशंट दुसऱ्याच कामाला आलाय, तेव्हा झेड९४.७. तक्रार त्याच बुबुळाची असेल तर टी८६ आणि झेड९४.७ दोन्ही एकत्र टाकायचे नाहीत.

आता एक बारीक नियम, जो परीक्षेत पण येऊ शकतो. आजार दोन्ही डोळ्यांना आहे पण आज ऑपरेशन फक्त डाव्याचं. बरेच जण डाव्याचा आकडा टाकतात. गाइडलाइन म्हणते की दोन्हीकडं आजार अजून आहे तर पहिल्या ऑपरेशनला दोन्हीचाच कोड टाका, आणि एका बाजूचा आजार ऑपरेशनने गेला की दुसऱ्या बाजूच्या वेळी एका डोळ्याचा.

एक चार्ट सोबत करू

समजा अशी नोट आहे, मी बनवलेली. ७१ वर्षांच्या बाई, दोन्ही डोळ्यांना फुक्स, दोन्ही डोळ्यांना वयाचा न्यूक्लियर मोतीबिंदू, याआधी डोळ्याचं काहीच ऑपरेशन नाही. आज डावा डोळा. शीर्षक: कॉर्नियल ट्रान्सप्लांट विथ कॅटरॅक्ट, ओएस. वर्णन: फेकोनं (मोतीबिंदू काढायची नेहमीची मशीनची पद्धत) मोतीबिंदू काढला, मागच्या कप्प्यात लेन्स बसवली, मग डेसिमेट गोल खरवडून काढला, आय बँकेकडून आलेला तयार टिशू इन्सर्टरने आत घातला, हवेचा फुगा भरला, पेशंटला एक तास उताणं ठेवलं.

आता वाकळ आठवा. अस्तर बदललंय, म्हणजे ६५७५६. लेन्सचा प्रश्न इथं कोड बदलत नाही. मोतीबिंदू नेहमीसारखा काढला, अवघड केसचं काही वर्णन नाही, म्हणून ६६९८४, ६६९८२ नाही. दोन्हीला एलटी. टिशू तयार आलाय आणि सर्जननं त्यावर स्वतः काही केल्याचा उल्लेख नाही म्हणून ६५७५७ सोडला. आजार: फुक्स दोन्हीकडं, पहिलं ऑपरेशन, एच१८.५१३. मोतीबिंदू दोन्हीकडं, एच२५.१३. मग जोडायचं: ६५७५६ ला एच१८.५१३, ६६९८४ ला एच२५.१३. ही जोडणी उलटी झाली की क्लेम मेडिकल नेसेसिटीवर, म्हणजे या आजाराला हे ऑपरेशन गरजेचं होतं का या प्रश्नावर, उडतो, आणि उलटी होते, कारण सॉफ्टवेअरमध्ये ए, बी असे पॉइंटर असतात आणि रात्री अकरा वाजता ए-बी सारखेच दिसायला लागतात.

टिशूचे पैसे कोण मागतं? आय बँकेचं बिल ऑपरेशनच्या जागेला येतं, म्हणून व्ही२७८५ हा कोड ती जागा लावते, सर्जनच्या क्लेमवर नाही. सोबत आय बँकेचं इनव्हॉइस लागतं. तुम्ही सर्जनच्या बाजूचं कोडिंग करताय का फॅसिलिटीच्या, हे पहिल्याच दिवशी लीडला विचारून घ्या.

नव्वद दिवसांचा हिशोब

ही सगळी मोठी ऑपरेशनं, ग्लोबल पिरियड, म्हणजे ऑपरेशनच्या पैशांतच पुढची देखभाल धरलेला काळ, नव्वद दिवसांचा. मोजताना आदला दिवस, ऑपरेशनचा दिवस आणि नंतरचे नव्वद, म्हणजे एकूण ९२. यात नेहमीची तपासणी, टाके काढणं, रिजेक्शनची शंका आली म्हणून औषध बदलणं, हे सगळं आधीच दिलेल्या पैशांत आलं, मेडिकेअरकडं (अमेरिकेचा सरकारी विमा) वेगळं मागायचं नाही.

मग त्या नव्वद दिवसांत काही झालंच तर? एंडोथेलियल केसमध्ये कधीकधी चकती सुटते आणि पुन्हा हवा भरून चिकटवावी लागते, रिबबलिंग म्हणतात. ते ऑपरेशन थिएटरमध्ये नेऊन केलं तर ६६०२० ला ७८ मॉडिफायर लावून जातं. क्लिनिकच्या खुर्चीत केलं तर मेडिकेअर वेगळं देत नाही. म्हणून नोटमध्ये जागा बघा, ती एका कोपऱ्यात लिहिलेली असते आणि सगळा पैसा तिच्यावर. दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन नव्वद दिवसांत आलं तर ७९, कारण त्याचा पहिल्याशी संबंध नाही. आधीपासून ठरवून टप्प्याने करायचं होतं तर ५८. आणि आदल्या दिवशी किंवा त्याच दिवशी तपासून ऑपरेशनचा निर्णय झाला असेल तर त्या तपासणीला ५७. ७८ आणि ७९ उलटसुलट करणं हा नवीन कोडरचा जन्मसिद्ध हक्क आहे, मी माझ्या मॉनिटरला चिठ्ठी चिकटवलेली: आठ म्हणजे आठवण आधीच्याची, नऊ म्हणजे नवीन.

आपल्याकडचं थोडं

सोलापुरात एखाद्या हॉस्पिटलच्या इन्शुरन्स डेस्कला काम मिळालं तर वरचं सीपीटी बाजूला ठेवा. इथं पॅकेज चालतं. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ ला सुरू झाली तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत आपलं सोलापूर होतं, २०१७ ला तिचं नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झालं. त्यात बुबुळ रोपणाचं पॅकेज निवडायचं, आधी मंजुरी घ्यायची, फोटो-रिपोर्ट जोडायचे, हे आरोग्यमित्र समजावून सांगतात. अफेकिक का स्यूडोफेकिक यावर इथं रात्र जागायची वेळ येत नाही. खासगी इन्शुरन्सच्या क्लेम फॉर्मच्या ब भागात मात्र आयसीडीचे रकाने असतात. तिथं साधा आयसीडी-१० चालतो, ज्यात उजवा-डावा आकडा नसतो, केराटोकोनस म्हणजे एच१८.६ एवढंच. अमेरिकेचं शिकून आलेला माणूस तिथं उगाच पुढचा आकडा शोधत बसतो.

शिकायचं कसं, थोडक्यात

क्लासवाले नव्या पेठेपासून विजापूर रोडपर्यंत सगळीकडं बोर्ड लावून बसलेत, शंभर टक्के प्लेसमेंट लिहिलेलं असलं की मी तरी रस्ता बदलतो. एएपीसी या अमेरिकेतल्या कोडरांच्या संस्थेची सीपीसी परीक्षा द्या, शंभर प्रश्न, चार तास, सत्तर टक्के लागतात, कोडची पुस्तकं सोबत वापरता येतात. पास झाल्यावर अनुभव नसेल तर नावापुढं ए लागतो, अप्रेंटिसचा, त्याचं वाईट वाटून घेऊ नका, सगळ्यांना लागतो. पुस्तकं सोबत असतात म्हणून पाठांतर नको असं समजू नका, चार तासांत पानं उलटायला वेळ पुरत नाही. शरीररचना आधी करा. बीएचएमएस, नर्सिंग, बीफार्मवाल्यांना ते सोपं जातं, पण माझ्या माहितीतली एक ताई बीकॉम आहे, यंत्रमागाच्या ऑफिसात हिशोब बघायची, तिनं वर्षभरात आम्हाला मागं टाकलं कारण तिची बारीक आकडा बघायची सवय.

घरून काम करत असाल तर एक कडक नियम: स्क्रीनचा फोटो काढून व्हॉट्सॲपवर "हे काय असेल रे" असं विचारायचं नाही, पेशंटचं नाव झाकलं असलं तरी नाही. पेशंटची माहिती गुप्त ठेवायचा अमेरिकेचा हिपा कायदा १९९६ चा आहे आणि कंपन्या त्यावर नोकरी घालवतात. शंका आली तर नोट स्वतःच्या शब्दांत बनवून विचारा, मी वर बनवली तशी. आमची आई मागून डोकावून म्हणते, "कोणाचा डोळा बघायलास रे दिवसभर?" तिला पण मी स्क्रीन दाखवत नाही, नाव तर सोडाच.

आणि एक वही ठेवा, कागदाची. आयसीडीचे मोठे बदल १ ऑक्टोबरला लागू होतात, सीपीटीचे १ जानेवारीला. त्या दोन दिवसांच्या आधी बसून आपल्या स्पेशॅलिटीचे बदल वहीत उतरवायचे, जुना कोड खोडायचा पण फाडायचा नाही, कारण सर्व्हिसची तारीख जुनी असली तर कोड पण जुनाच लागतो आणि सहा महिन्यांपूर्वीचा चार्ट कधीही येऊन पडतो. माझ्या वहीत एच१८.५१ वर लाल रेघ आहे, बाजूला १ ऑक्टोबर २०२० लिहिलंय, आणि त्याच पानावर शेंगाचटणीचा तेलकट डाग आहे, त्यामुळं ते पान लगेच सापडतंय.